उलट्या खांबाचं घर

फुकागावात लाकडाला तोटा नाही. कालव्यांतून ओंडके तरंगत असतात, पोरं त्यांच्यावरून उड्या मारत शाळेला जातात, निम्मी पाण्यात पडतात आणि घरी येऊन मार खातात. तिथं ज्याला दुसरं काही जमत नाही तो सुतार होतो, असं म्हणायची पद्धत होती. होसोया तोमेकिची मात्र झोपेपायी सुतार झाला. बापाचं तोफूचं दुकान. कोंबडं आरवायच्या आत उठायचं, सोयाबीन दळायचं, कोपरापर्यंत हात गार पाण्यात घालायचे. पोराला ते झेपेना. तो पळाला आणि इवाकामी नावाच्या वस्तादाकडे सुतारकी शिकायला राहिला. तिथं गेल्यावर कळलं, की शिकाऊ सुतार तोफूवाल्याच्याही आधी उठतात, कारण वस्तादाचा चहा त्यांनाच करायचा असतो. "आगीतून उठलो नि फुफाट्यात पडलो," असं तो म्हातारपणीसुद्धा सांगायचा आणि सांगताना खांदे हलवून हसायचा.

आग हा शब्द फुकागावात जरा सांभाळून वापरावा लागतो, ते सोडा. तोमेकिची शिकाऊ असतानाच मोठा भूकंप झाला, आणि भूकंपाच्या पाठोपाठ आग आली. लाकडाचंच गाव ते. काडेपेटीतली एक काडी पेटल्यावर बाकीच्या कशाला मागं राहतात? बापाचं दुकान गेलं, बापही गेला. मग काही वर्षांनी एका संस्थेनं मनावर घेतलं, की आता इथं जळणार नाही असं घर बांधायचं. सिमेंटचं. चार मजल्यांचं.

लोक बघायला यायचे आणि नाकं मुरडायचे. "माणसं काय बिस्किटं आहेत, डब्यात भरायला?" असं तांदूळवाला म्हणाला, आणि तेव्हापासून इमारतीचं नाव बिस्किटाचा डबा पडलं. त्याच तांदूळवाल्यानं पुढं तळमजल्यावरचं पहिलं दुकान घेतलं, ही गंमत. पण डबा होता देखणा. मधे चौक, चौकात जिंकगोचं झाड, जिन्याला बोटीसारख्या गोल खिडक्या, कठड्याला असा गुळगुळीत बाक दिलेला, की पोरांच्या चड्ड्या तिथंच झिजायच्या. दारं लोखंडी, खिडक्यांना लोखंडी झडपा. गच्चीवर धुण्याच्या हौदांची रांग. प्रत्येक मजल्यावर कचरा टाकायचं एक झाकणाचं भोक, कचरा थेट तळाला. पोरं त्यात तोंड घालून एकमेकांच्या आयांना नावानं हाका मारायची.

हे झालं बाहेरून. आत मात्र चटयांची जमीन, कागदी सरकदारं आणि प्रत्येक मोठ्या खोलीत शोभेचा एक कोनाडा, फुलं ठेवायला, चित्र टांगायला. आतलं सगळं लाकूडकाम इवाकामी वस्तादाकडे होतं. "बाहेरून बँक, आतून घर," वस्ताद म्हणायचा. कोनाड्याच्या कडेला सीडर लाकडाचा खांब उभा करायचा होता. संस्थेचा इंजिनियर म्हणाला, "वस्ताद, इथं छत सिमेंटनं पेललंय. तुमचा खांब काहीच पेलत नाही."

"साहेब, तुमचं नाक तरी काय पेलतं?" वस्ताद म्हणाला. "पण काढून बघा तोंड कसं दिसतं."

खांब राहिले.

खांब उभे करायचं काम तोमेकिचीकडे आलं. आता सुतारांचा एक नियम पाण्यासारखा साधा आहे. झाड ज्या अंगानं वाढलं, त्या अंगानं खांब उभा करायचा. मुळाकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. उलटा खांब लावला तर घर रात्री कण्हतं आणि त्या घरातल्या माणसांचं वाईट होतं. हे फुकागावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणून मुळाकडच्या टोकावर शाईनं खूण केलेली असते. त्या दिवशी पावसानं खुणा धुवून गेलेल्या. तसं लाकडाच्या रेषांवरूनही कळतं. सुलट्या खांबावर रेषांचे डोंगर दिसतात, एकावर एक, टोकं वर केलेले. तोमेकिची बघणारच होता. तेवढ्यात खाली चौकात शेवयांच्या गाडीवाल्यानं पिपाणी वाजवली. पोटात सकाळपासून काही नव्हतं. त्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीतला खांब खाचेत बसवला, दोन ठोके हाणले आणि जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली गेला.

गिलावा झाला, रंग झाला, सरकदारं लागली. शेवटी वस्ताद एकेका खोलीतून हात फिरवत निघाला. शेवटच्या खोलीत त्याचा तळवा खांबावर थांबला.

"तोमे, शेवया कशा होत्या रे?"

"चांगल्या होत्या, वस्ताद."

"हा डोक्यावर उभाय."

तोमेकिचीनं बघितलं. सगळे डोंगर टोकं खाली करून उभे होते. खांब काढायचा तर गिलावा फोडायचा, कोनाडा फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी इमारत संस्थेच्या ताब्यात द्यायची होती. वस्ताद म्हणाला, "बाहेर बोलू नकोस. जो राहायला येईल त्याचं नशीब."

तोमेकिचीला ते काही गिळवेना. त्यानं दोन दिवस जेवण सोडलं, आणि हा माणूस जेवण सोडतो म्हणजे गोष्ट साधी नाही. तिसऱ्या दिवशी तो हजामत करून संस्थेच्या कचेरीत गेला आणि म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली मला भाड्यानं द्या."

"ती?" कारकून म्हणाला. "अहो, ती उत्तरेची आहे. शेजारी कचऱ्याचं भोक आहे. ती कुणीच मागितली नाही."

"म्हणून तर."

बाहेर न्हावी ओनोदेरा उभा होता. हा तोमेकिचीच्याच वयाचा, डब्यात खाली नुकतंच दुकान लावलेला, जिभेला वस्तऱ्यापेक्षा जास्त धार. सगळी हकीकत काढून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तू स्वतःचं वाईट करून घ्यायला राहायला जातोयस? भाडं देऊन?"

"दुसऱ्याचं व्हायच्याऐवजी माझं होऊ दे. मी एकटा जीव सदाशिव."

ही त्याची खरी चूक. खांब उलटा लावला तो घाईनं. पण एकटा राहशील हे त्याला सांगितलं कुणी?

दोन वर्षांत इने आली. सेंदाईकडची, गोल चेहऱ्याची, फटकळ. पहिल्याच दिवशी तोमेकिचीनं तिला खांबाची गोष्ट सांगून टाकली, कारण पोटात ठेवणं त्याला कधी जमलंच नाही. तिनं खांबाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"खांब उलटा, आणि तो लावणारा त्याहून उलटा," ती म्हणाली. "मी आले ना आता? बघू कोण काय वाईट करतं ते."

आणि खरंच काही झालं नाही. घर रात्री कण्हत नव्हतं. कण्हायचा तो तोमेकिची, पाठ दुखायची म्हणून. मग हारुए झाली. मुलगी. सावळी, काटकुळी, बापासारखी खादाड. दर वर्षी मे महिन्यात, मुलांच्या सणाला, बाप तिला खांबाला पाठ लावून उभी करायचा, डोक्यावर गुण्या ठेवायचा आणि आखणीच्या सुरीनं खांबावर बारीक रेघ ओढायचा. केसासारखी, पाणसळीला लाज वाटेल अशी. शेजारी इने कुंचल्यानं वर्ष लिहायची.

"टाचा खाली."

"खालीच आहेत."

"बोटभर वर आहेत. खांब खोटं बोलत नाही गं."

"पण बाबा, खांब तर स्वतःच डोक्यावर उभाय!"

खांबाची गोष्ट तिला पाठ होती. घरात तो थट्टेचाच विषय. आणि या पोरीचा एक नाद होता. हात जमिनीला टेकून, पाय वर फेकून, खांबाला टाचा लावून उलटी उभी राहायची. चेहरा लालबुंद, वेण्या चटईवर लोळतायत.

"आता डोंगर सरळ झाले!" ती ओरडायची. "आई, तू पण बघ ना!"

"मुलीच्या जातीनं असं उभं राहतात का? उतर खाली!"

"आई, तूच उलटी दिसतेयस. आधी तू उतर!"

एकदा अशीच उभी असताना तिचा हलणारा दुधाचा दात पडला. खालचा दात छपरावर फेकायचा, म्हणजे नवा सरळ वर येतो. पण डब्याला छप्पर कुठलं? सपाट गच्ची. बापलेक चौकात उभे राहिले, तोमेकिचीनं अंगातलं सगळं बळ लावून दात वर फेकला, तो दुसऱ्या मजल्याच्या झडपेवर आपटून परत आला आणि ओनोदेराच्या दुकानापुढं खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या गालात रुतला. ओनोदेरा पुढं कितीतरी वर्षं सांगायचा, की माझ्या दुकानात माणसाला दाढी करताना दात फुटतात. हारुएचा नवा दात मात्र थोडा वाकडाच आला.

मग युद्ध आलं. लोखंडी दारं आणि झडपा तेवढ्या ठेवल्या, बाकीचं लोखंड सरकारनं तोफांसाठी नेलं. जिन्याचा कठडा गेला. शाळेतल्या पोरांना गाडीत घालून लांब डोंगरातल्या देवळात नेऊन ठेवलं, तिथं विमानं येत नाहीत म्हणून. हारुए गेली. जायच्या आधीच्या मे महिन्यात तिची रेघ ओढलेली होती. तीच शेवटची.

सहावीच्या पोरांना मार्चच्या सुरुवातीला परत आणलं, कारण शाळा संपल्याचा समारंभ आपल्याच शाळेत व्हायला पाहिजे. पोरी आल्या त्या हाडं होऊन, पण उंच होऊन. हारुएनं दप्तर टाकलं ती तडक खांबाला पाठ लावून उभी राहिली.

"बाबा, मोजा. तिथं सगळ्या म्हणतात मी वाढले."

तोमेकिची कारखान्यातून नुकताच आला होता. तो दिवसभर खोकी ठोकायचा, त्यात काय भरतात हे विचारायची सोय नव्हती. हात उचलत नव्हते.

"मे महिन्यात मोजू की. खांब कुठं पळून चाललाय का?"

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग बाजूला झाली.

समारंभाला घालायला कपडे नव्हते. इनेचा जुना किमोनो उसवून तिच्या मापाचा करायचा होता, आणि शिवणारी मावशी कालव्यापलीकडे राहायची, लाकडी घरांच्या आळीत. हारुए तिच्याकडे गेली आणि रात्री तिथंच राहिली. त्याच रात्री विमानं आली.

त्या रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. फुकागावात कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. एवढं खरं, की बिस्किटाचा डबा जळला नाही. आतल्या माणसांनी लोखंडी झडपा लावून घेतल्या, गच्चीवरच्या हौदांचं पाणी भिंतींवर ओतत राहिले, आणि सकाळी झडपा उघडल्या तेव्हा त्यांचं घर होतं आणि बाकी काहीच नव्हतं. लांबवर, जिथं कधी दिसत नव्हती, तिथं नदी दिसत होती.

तोमेकिची आणि इने कितीतरी दिवस कालव्याकाठी हिंडले. मावशीची आळी कुठं होती हेही सांगता येईना. अस्थींच्या भांड्यात ठेवायला काही मिळालं नाही म्हणून इनेनं तिथला एक खडा उचलून आणला.

फुकागावात आईबापांच्या आधी लेकरू गेलं, की म्हणतात, त्यांना उलटं बघावं लागलं. साधा शब्द आहे, सगळेच वापरतात. तांदूळवाल्याची बायको भेटायला आली, इनेचा हात हातात घेऊन रडली आणि म्हणाली, "काय गं हे इने, तुम्हाला उलटं बघायची वेळ आली."

इनेनं मान वर केली आणि खांबाकडे बघितलं. नुसतं बघितलं. मग तोमेकिचीनं बघितलं, ती बघतेय ते. त्या दिवसापासून त्या घरात उलटा हा शब्द कुणी काढला नाही. मोजा उलटा झाला तर इने "आतली बाजू बाहेर आली" म्हणायची. मासा तव्यावर "दुसऱ्या अंगावर" टाकायची. तो थट्टेचा खांब कोनाड्याच्या कडेला तसाच उभा राहिला, आणि दोघं त्याच्यावरून नजर काढून फुलांकडे बघायची.

तोमेकिचीच्या हातात पटाशी होती, घरी करवत होती. एका दुपारी काम करून तो खांब सरळ करू शकला असता. पण करायचा कसा? खांब सुलटा केला, की रेघा उलट्या. हारुए डोक्यावर उभी. ते त्याच्यानं झालं नाही. आणि तसाच ठेवायचा म्हणजे रोज सकाळी उठून आपली चूक बघायची. तो बघत राहिला. वर्षानुवर्षं बघत राहिला.

एकदाच कुणीतरी तो विषय काढला. युद्ध संपून बरीच वर्षं झालेली, चौकात जिंकगोखाली नव्या वर्षाची दारू चाललेली. ओनोदेराला चढली होती.

"तोमे, तुला सांगतो," तो गळ्यात हात टाकून म्हणाला. "निक्कोच्या मोठ्या देवळात एक खांब मुद्दाम उलटा लावलाय. माहितीय ना? काम पुरं झालं की पडझड सुरू होते, म्हणून एक खांब चुकवून ठेवायचा. म्हणजे काम पुरं होत नाही, आणि इमारत पडत नाही. अरे, आपला डबा उभा राहिला तो तुझ्या खांबानं! तुझ्या उलट्या खांबानं आम्हा सगळ्यांना वाचवलं. सगळ्यांना!"

सगळे "हो हो" म्हणाले. कुणीतरी पेला उचलला. तोमेकिचीनं ओनोदेराचा हात गळ्यातून काढला, नीट त्याच्या मांडीवर ठेवला आणि घरी गेला. ओनोदेराला दुसऱ्या दिवशी आठवलं. तो वर आला, दाराबाहेर चपला काढून उभा राहिला, आत काही आला नाही. पुढं मरेपर्यंत त्यानं तोमेकिचीच्या हजामतीचं कधी काही घेतलं नाही, आणि तोमेकिचीनंही कधी पुढं केलं नाही. एवढंच झालं.

डबा म्हातारा झाला. सिमेंट फुगलं, आतल्या सळ्यांचा गंज भिंतीवर चहासारखा ओघळायला लागला. माणसांचंही तेच. कचऱ्याच्या भोकांची झाकणं कायमची ठोकून टाकली. शेवटी ठरलं, इमारत पाडायची आणि त्याच जागी नवी बांधायची, लिफ्ट वगैरे असलेली, आणि सगळ्यांना त्यात घरं द्यायची. सगळ्यांनी होकाराचे शिक्के मारले. राहिला एकटा तोमेकिची. मग ओनोदेरा काठी टेकत तीन मजले चढून आला.

"तोमे, मला या जिन्यावर मारायचंय का तुला? नव्या इमारतीत बटण दाबलं की वर."

"तू दाब."

"तुझ्या शिक्क्यावाचून कसं दाबू?"

इने चहा घेऊन आली. ती म्हणाली, "ओनोदेरा-सान, त्यांना खांब न्यायचाय. पण तोंडानं म्हणवत नाही."

तोमेकिची तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत तिनं खांब हा शब्द पहिल्यांदा काढला होता.

"मग ने की!" ओनोदेरा म्हणाला. "पाडणाऱ्यांना काय त्याची भाजी करायचीय?"

तोमेकिचीनं शिक्का मारला.

खांब काढायला शिगेओ आला. शिगेओ म्हणजे इवाकामी वस्तादाचा धाकटा मुलगा. तोही साठी ओलांडलेला, पण तोमेकिचीला अजून दादा म्हणणारा, कारण लहानपणी याच्याच हातून त्यानं रंध्याचे धडे आणि टपल्या खाल्ल्या होत्या. त्यानं गिलावा हळूच फोडला, खांब खाचेतून मोकळा केला आणि चादरीत गुंडाळला. नवी इमारत होईपर्यंत म्हातारा-म्हातारी एका भाड्याच्या खोलीत राहिली. खांब भिंतीकडेला आडवा. ना उलटा, ना सुलटा. त्या काळात तोमेकिची लहान पोरासारखा गाढ झोपायचा. इने सांगायची, "घोरणं इतकं, की शेजारचे भिंत ठोकतात."

पण ओनोदेरा काही ते बटण दाबायला राहिला नाही. पाया भरला त्या हिवाळ्यात गेला.

नवं घर पाचव्या मजल्यावर मिळालं, दक्षिणेचं, ऊन येणारं. कोनाडा नव्हता, पण चटयांची एक खोली होती आणि तिच्या कोपऱ्यात शिगेओनं वर-खाली खाचा करून ठेवल्या. खांब आणला, चादर सोडली, आणि तिथंच गाडं अडलं.

"दादा, कसा लावू?"

तोमेकिची चटईवर बसला होता, खांबावरच्या रेघांकडे बघत.

"मागच्यासारखा लावायला सांगू नका," शिगेओ म्हणाला. "आमचा बाप स्वर्गातून रंधा फेकून मारील मला. तेव्हा चुकून झालं. आता जाणूनबुजून लावला तर ती चूक नाही म्हणायची."

"माहितीय मला."

"वहिनींना यात राहायचंय. तुमचं जाऊ द्या."

"माहितीय रे."

"मग सुलटा लावतो."

"शिगेओ," तोमेकिची म्हणाला. त्यानं बोटानं शेवटच्या रेघेकडे दाखवलं. "तिला... डोक्यावर..."

शिगेओनं हातातला हातोडा खाली ठेवला. खालच्या रस्त्यावर भाजलेली रताळी विकणारा गाणं म्हणत चालला होता, ते तेवढं ऐकू येत होतं.

इने दारात उभी होती. सगळं ऐकत होती.

"उलटी, असं म्हणायचंय ना?" ती म्हणाली. "म्हणा की. मी म्हणते. उलटी." तिचा आवाज नेहमीसारखाच फटकळ होता, फक्त हातानं दाराची चौकट घट्ट धरलेली. "ती पोरगी सरळ उभी होती तरी कधी? दिवसभर खांबाला टाचा लावून वर पाय. मी ओरडून ओरडून थकले. माझ्या ओरडण्यानं ऐकलं नाही, आता तुमच्या खांबानं ऐकणार आहे होय? लाव रे शिगेओ. सुलटा लाव."

ती आत गेली. मोरीत नळ सुरू झाला आणि बराच वेळ तसाच वाहत राहिला.

शिगेओनं खांब सुलटा लावला. ठोके हलके हलके मारले, जसं कुणी झोपलंय तिथं. डोंगरांची टोकं वर झाली. जाताना तो खांबाला वाकून नमस्कार करून गेला, नि "येतो दादा" एवढंच म्हणाला.

दुपारी ऊन खोलीत आलं. तोमेकिची खांबापुढं उभा राहिला. हारुएची अगदी लहानपणची रेघ सगळ्यात वर, त्याच्या छातीशी. मग एकेक वर्ष खाली उतरत आलेलं. इनेचं अक्षर डोक्यावर उभं. वाचता येईना. त्यानं मान वाकडी केली, कंबर वाकवली, गुडघ्यावर हात ठेवून खालून बघितलं. मान कडाडली. मग तो हळूहळू चटईवर बसला, उताणा झाला आणि पाठीवर सरकत सरकत डोकं खांबाच्या बुडाशी नेलं.

आणि डोळे वर, कपाळाकडे फिरवल्यावर सगळं जागेवर आलं. जुनी खोलीच. डोंगर टोकं खाली करून उभे, आणि त्यांच्यावर अक्षरं सरळ, रेघा सरळ. तळाशी दुडदुडणारी, मग दात पडलेली, मग वेण्यांची. एकेक वर्ष वाढत ती त्याच्याच दिशेनं येत होती. शेवटच्या रेघेपाशी थांबली होती. ती रेघ आणि त्याचं डोकं, यांच्या मधलं लाकूड कोरं होतं.

इने चहा घेऊन आली आणि दारातच किंचाळली. "अहो! पडलात का?"

"नाही गं."

"मग काय झालं? छातीत दुखतंय का?"

"बघतोय."

"काय बघताय?"

"उलटं."

इनेनं तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, "सरका जरा," आणि गुडघ्यांना शिव्या देत देत त्याच्या शेजारी आडवी झाली. चहा निवला.

पुष्कळ वेळानं इनेनं हात डोक्यामागं नेला. शेवटच्या रेघेवरून बोटं फिरवली, आणि तिथून खाली, कोऱ्या लाकडावर, तळवा आडवा टेकवला.

"इतकी झाली होती," ती म्हणाली. "आली तेव्हा. माझ्या खांद्याला लागत होती."

"नक्की?"

"किमोनोचं माप मीच घेतलं होतं ना."

तोमेकिचीनं कानामागची पेन्सिल काढली. सुतारकी सुटून किती वर्षं झाली, पेन्सिल काही सुटली नव्हती. त्यानं पडल्या पडल्या हात मागं नेला आणि बायकोच्या तळव्याच्या कडेनं रेघ ओढली.

"वाकडी आली," इने म्हणाली.

"येऊ दे."

"वर्ष लिहायला पाहिजे."

"लिही की."

"कशी लिहू? उभी राहून लिहायचं तर उलटं लिहावं लागेल."

"मग उलटं लिही," तोमेकिची म्हणाला, आणि कुंचला आणायला उठायचं म्हणून त्यानं तिच्यापुढं हात केला. पण दोघांपैकी कुणालाच लगेच उठता आलं नाही.